ट्रिम वाढवला की पाण्याचं प्रेशर पडतं? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी उतरायला लागलं की बामणोली-तापोळ्याच्या बाजूने एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "बोटीची मोटर जरा वर उचलली की पाण्याच्या प्रेशरचा काटा खाली येतोय. पंप गेलाय. येताना इम्पेलर (पंपातलं रबरी चक्र) घेऊनच या." पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं पृष्ठभागाजवळ येतात आणि काठही उथळ होतो. पंखा वाचवायचा तर मोटर उचलावीच लागते. ती उचलली की काटा पडतो आणि सगळा दोष पंपावर जातो.

मीही एकदा असाच फसलो. फायबरची बोट, मागे ४० हॉर्सपॉवरची मोटर. ऐकीव लक्षणांवरून पंप खोलला, नवा इम्पेलर बसवला, काठावर चालू करून बघितली. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार झकास. दोन दिवसांनी मालकाचा फोन, "दादा, परत तसंच." मग मी स्वतः मागच्या बाकावर बसून गेलो. मोटर पूर्ण आत, म्हणजे खाली, असताना काटा १५ पीएसआयवर (पीएसआय हे प्रेशरचं माप) होता. ट्रिम, म्हणजे मोटर वर कलवायचा कोन, थोडा थोडा वाढवत गेलो तसा तो १३, १२ असा सावकाश उतरला आणि एका ठिकाणी एकदम ५ वर येऊन थरथरायला लागला. वाकून बघितलं, तर पाणी ओढायच्या जाळीवरून पांढरा फेस वाहत होता. आधी कधीतरी खोडाला धडकल्यावर कुणीतरी मोटर मागच्या फळीवर दोन भोकं वर चढवून बसवली होती. ती एक भोक खाली घेतली आणि तक्रार मिटली. नवा इम्पेलर उगाच गेला, मालकाचे दोन दिवस बुडाले. त्यानंतर बोटीत बसल्याशिवाय मी पंपाला पाना लावलेला नाही.

ही मोटर खालच्या गिअरकेसवरच्या (पंख्याचे गिअर असलेल्या पेटीवरच्या) जाळीतून पाणी ओढते. गिअरकेसच्या डोक्यावर पंप असतो. त्यातला रबरी इम्पेलर ते पाणी इंजिन थंड ठेवायला वर चढवतो. बोट उभी असते तेव्हा तिची मागची बाजू पाण्यात बसलेली असते आणि जाळी खोल असते. वेगात बोट पाण्यावर उचलली जाते, मागची पाण्याची रेषा खाली सरकते. त्यात मोटर उचलली की जाळी पृष्ठभागाच्या आणखी जवळ येते आणि पाण्याबरोबर हवाही आत जायला लागते. म्हणून ट्रिम वाढवताना एक-दोन पीएसआयने काटा उतरला तर काळजी नको. एका ठरावीक जागी तो एकदम कोसळला तर मात्र कारण शोधायला हवं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे काठावरच्या धारेवर विश्वास ठेवणं. नळी लावून किंवा बोट बांधून धार बघितली तर पंप पाणी फेकतोय एवढंच कळतं. वेगात, मोटर उचललेली असताना जाळीला पाणी मिळतं का, हे त्यातून कळत नाही. शिवाय बऱ्याच मोटरींमध्ये धारेची नळी वाटेतूनच वेगळी काढलेली असते. पूर्ण इंजिनात पाणी फिरतंय याची खात्री धार देत नाही.

तपासणी खरी करायची ती पाण्यावर. इंजिन आधी गरम होऊ द्या, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो आणि आकडे खरे येतात. सरळ रेषेत जा, मोटर पूर्ण आत ठेवा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) ३५००च्या आसपास धरा आणि काटा लिहून घ्या. मग थोडा थोडा ट्रिम वाढवा, दर वेळी काटा आणि आरपीएम दोन्ही लिहा. ट्रिम वाढवल्यावर आरपीएम थोडा चढतोच. पण प्रेशर कोसळताना आरपीएमनेही उडी मारली, पंखा मोकळा फिरल्यासारखा आवाज आला, तर मोटर पाण्याबाहेर येतेय. ती उंच बसली आहे किंवा ट्रिम जास्त झाला आहे. आरपीएम जागेवर आणि फक्त काटा पडला तर जाळी, पंप आणि गेज यांच्याकडे वळा. मोटर पूर्ण आत असतानाही प्रेशर नेहमीपेक्षा कमीच असेल, तर ट्रिमचा प्रश्न उरत नाही. तिथे पंप खोलाच.

उंची बघायची सोपी खूण म्हणजे पंख्याच्या वर असलेली मोटरीची आडवी पट्टी. मोटर सरळ असताना ती बोटीच्या तळाच्या साधारण रेषेत हवी. तळाला बरोबर जाळीच्या पुढे उभी पट्टी किंवा दुरुस्तीचा उंचवटा असेल तर तिथून बुडबुड्यांचं पाणी मागे येतं. मोटर योग्य उंचीवर असूनही काटा नाचत असेल तर हे नक्की बघा.

गेजची, म्हणजे काटा असलेल्या मीटरची, बारीक नळीही पुष्कळांना फसवते. मोटर उचलली की मागच्या पाइपात ती दबते किंवा मुडपते, काटा शून्यावर जातो आणि धार मात्र तशीच जोरात असते. बोट बांधून, मोटर बंद ठेवून ट्रिमचं बटण वर-खाली करा आणि नळी कुठे चिमटते ते डोळ्यांनी बघा. याउलट काटा ठणठणीत आणि धार बारीक झाली, तर धारेच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर असण्याची शक्यता फार. पावसाळाभर शेडमध्ये पडून असलेल्या मोटरींत मला ते हमखास सापडतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी आत घालून हलवा. तारेने खरवडू नका.

सांगलीतल्या पुराची गोष्ट वेगळी आणि जास्त धोक्याची. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकते तेव्हा सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात पाणी शिरायला लागतं. अशा गल्लीत कमरेएवढ्या पाण्यातून रबरी बोट न्यायची म्हणजे मोटर उचलूनच. इथे दोन चुका जिवावर बेततात. पहिली, उचललेल्या मोटरीवर रेस वाढवणं. उथळ पाण्यात मोटर वर असेल तर रेस कमीच ठेवा आणि जाळी पाण्याखाली आहे ना हे बघत राहा. दुसरी, सुटका केलेली सगळी माणसं पुढे बसवणं. पुढचं वजन मागची बाजू उचलतं आणि ट्रिमला हात न लावताही जाळी वर येते. माणसं मध्यभागी बसवा.

पुराच्या पाण्यात केंदाळ, उसाचं पाचट, प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. पिशवी जाळीला चिकटली की प्रेशर पडतं. बोट उभी राहिली की कधी कधी ती सुटून जाते, म्हणून तपासायला आणल्यावर काहीच सापडत नाही. इंजिन तापल्याचा भोंगा वाजला तर रेस लगेच खाली आणा, मोटर पूर्ण आत घ्या आणि धार बघा. धार नसेल तर इंजिन बंद करा. पण वाहत्या पाण्यात बंद करण्याआधी नांगर किंवा दोरी कुणाच्या तरी हातात तयार असू द्या. कोरडा फिरणारा इम्पेलर मिनिटभरातही खराब होऊ शकतो.

पूर ओसरल्यावर मोटर तशीच गोडाऊनला टाकू नका. गाळ पंपाच्या स्टीलच्या वाटीवर रेघा पाडतो, मग नवा इम्पेलर टाकूनही पाणी नीट ओढलं जात नाही. स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुऊन काढा आणि पुढच्या पावसाळ्याआधी पंप खोलून वाटी, खालची पत्रा-प्लेट आणि गॅस्केट बघा. गॅस्केट गळकं असेल तर मोटर खोल असताना सगळं ठीक चालतं आणि उचलली की पंप तिथूनच हवा ओढतो.