ओपनडब्ल्यूआरटी 21.02 वरून 22.03 : अपग्रेडनंतर गायब झालेले फायरवॉल नियम

राउटर चालवणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या सॉफ्टवेअरचं अपग्रेड बिनबोभाट झालं, वायफायही सुरू. पण ज्या कॅमेऱ्याला इंटरनेट बंद केलं होतं, तो सरळ बाहेर बोलू लागला. कारण 22.03 पासून फायरवॉल (कुठली वाहतूक जाऊ द्यायची, कुठली अडवायची हे ठरवणारा भाग) आयपीटेबल्स या जुन्या यंत्रणेऐवजी एनएफटेबल्स या नव्या यंत्रणेवर चालते. 'फायरवॉल डॉट यूजर' फाइलमध्ये आपण हाताने लिहिलेल्या जुन्या आयपीटेबल्सच्या आज्ञा जागेवरच राहतात, लागू होत नाहीत. हे फार धोक्याचं, कारण वरवर सगळं ठीक दिसतं.

त्या आज्ञा ल्युसीच्या (राउटरची ब्राउझरमधली सेटिंग्जची पानं) 'ट्रॅफिक रूल्स'मध्ये नव्याने लिहिल्या: सोर्स झोन कॅमेरा (कॅमेऱ्याचं वेगळं नेटवर्क), डेस्टिनेशन वॅन (म्हणजे इंटरनेटची बाजू), प्रोटोकॉल एनी (कुठलाही), ॲक्शन रिजेक्ट (अडवा). शिवाय आयपीटेबल्सची आज्ञा फक्त आयपीव्ही4 (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) अडवायची. हा नियम आयपीव्ही6 (नवी पद्धत) पण अडवतो. मग कॅमेरा बंद करून चालू केला, कारण आधीच जुळलेलं कनेक्शन नवा नियम तोडत नाही. 'स्टेटस'खालच्या फायरवॉल पानावर त्या नियमासमोरचा पॅकेटचा आकडा वाढायला लागला, की नियम खरोखर चालतोय असं समजा.

अपग्रेडआधी बॅकअप राउटरबाहेर उतरवा, इमेजचा (अपग्रेडच्या फाइलचा) शा256, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे तपासायचा आकडा, जुळवा. सेटिंग्ज टिकतात, पण वायरगार्डसारखी (लांबून सुरक्षित जोडणी देणारं व्हीपीएन) नंतर टाकलेली पॅकेजं उडतात. त्यांची यादी आधीच लिहून ठेवा. राउटर दूरगावी असेल आणि तिथे पोचायचा रस्ता वायरगार्डच असेल, तर लांबून अपग्रेड करूच नका.