जर्मनीत ‘मोफत एमबीबीएस’ला निघालेल्यांसाठी

मोफत हे बरंचसं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरचा किरकोळ आकार तेवढा भरायचा. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. खोटं आहे ते एमबीबीएस. ते इथे नाहीच. इथे सहा वर्षांहून थोडं जास्त शिक्षण, तीन सरकारी परीक्षा आणि शेवटी अप्रोबेशन, म्हणजे डॉक्टरकीचा परवाना. सगळं जर्मनमधून.

एजंट सांगत नाही ते आधी सांगते. भारताच्या वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांत परदेशातलं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं हवं, अशी अट आहे. तेव्हा इथून शिकून सांगलीत दवाखाना टाकायचा बेत असेल, तर तिकीट काढण्याआधी तो नियम आई-वडिलांसोबत बसून वाचा. इथेच राहायची तयारी असलेल्यांसाठी पुढचं.

आपली बारावी इथल्या आबिटुअरच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेच्या, तोडीची धरत नाहीत. म्हणून आधी साधारण वर्षभर स्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा वर्ग, त्यातला मेडिकलवाल्यांचा एम-कोर्स: जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित आणि जर्मन. त्याच्या शेवटच्या परीक्षेतल्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश बराच अवलंबून असतो, आणि युरोपाबाहेरच्यांना जागा साधारण ५ टक्केच. इथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास, हे घरी आधीच समजावून ठेवा, नाहीतर पहिल्या निकालाला फोनवर रडारड होते.

एपीएस (आपल्या गुणपत्रिकांची जर्मनीसाठीची पडताळणी), ब्लॉक खात्यात (राहण्या-खाण्याचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो, आरोग्य विमा, घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद: ही कामं कटकटीची, पण होतात. वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हातात पडताच अर्ज टाका. मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर या, पण राहायला चार मराठी मुलं एकत्र घर घेऊ नका. जर्मन तिथेच गंजते.

आणि जर्मनच इथे अर्धं मेडिकल आहे. सी-वन, म्हणजे वरच्या पातळीच्या जर्मनचं प्रमाणपत्र, प्रवेशापुरतं. वॉर्डात गेलात की कळतं, केसपेपरवर ‘आपेंडिसिटिस’ लिहिलेलं असतं, आजीबाई मात्र त्यालाच साध्या जर्मनमध्ये ‘ब्लिंडडार्म’ म्हणतात, तेही कवळी काढून ठेवून, गावच्या बोलीत. हे कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. ते शिकायची जागा म्हणजे फ्लेगेप्राक्टिकुम: पहिल्या सरकारी परीक्षेआधी तीन महिने नर्सिंगचं काम, बहुधा बिनपगारी. सकाळी सहाला पाळी लागते. पेशंटला अंघोळ घालायची, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं, ब्रेडला लोणी लावून भरवायचं. आपल्याकडची मुलं ‘मी डॉक्टर व्हायला आलोय’ म्हणून तोंड पाडतात. पाडू नका. नर्सबाई दर दोन मिनिटांनी काहीतरी सांगत असते, पेशंट बोलायला आसुसलेला असतो, आणि तुम्हाला अजून कुणी अवघड प्रश्न विचारत नाही. असं फुकटचं संभाषण पुढे मिळणार नाही. शक्य असेल तर मोठ्या विद्यापीठाचं रुग्णालय टाळून तालुक्याच्या गावातलं छोटं रुग्णालय धरा. तिथे तुमच्याशी इंग्रजीत बोलायची सोय कुणी करत नाही.

दोन वर्षांनंतरची पहिली परीक्षा, फिजिकुम: दोन दिवसांत ३२० पर्यायी प्रश्न आणि वेगळी तोंडी. तोंडीत आपली मुलं गडबडतात, कारण उत्तर माहीत असतं पण वाक्य होत नाही. अभ्यासगटात रोज कुणाला तरी मोठ्यानं समजावून सांगायची सवय लावा. एक परीक्षा तीनदा नापास झालात, तर जर्मनीत मेडिकल कायमचं बंद. म्हणून तयारी नसताना ‘बसून तर बघू’ म्हणत अर्ज भरू नका.

शेवटचं वर्ष पे-योट, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचं: १६ आठवडे मेडिसिन, १६ सर्जरी, १६ तुमच्या आवडीचं. बहुतेक सकाळी वॉर्डभर रक्त काढत फिरावं लागतं. मानधन रुग्णालयागणिक वेगळं, कुठे कुठे अगदीच चणे-फुटाणे. अर्ज करण्याआधी आधीच्या बॅचला विचारा, आणि पैशांइतकंच तिथे शिकवतात का हेही विचारा.

अप्रोबेशन मिळालं की तुम्ही डॉक्टर, पण नावाआधी ‘डॉ.’ लागत नाही. त्यासाठी वेगळा प्रबंध लिहावा लागतो. बरेच जण तो शिकता शिकताच उरकतात. घरच्यांना लग्नपत्रिकेवर ‘डॉ.’ छापायचंच असेल, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मार्गदर्शक प्राध्यापक शोधायला लागा.