नवा आयपॅड केव्हा येईल, याचा अदमास कसा बांधावा

नवा टॅब्लेट घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो: "थोडं थांब, नवा येतोय." हा सल्ला कधीच खोटा ठरत नाही, कारण नवा केव्हातरी येतोच, खरा प्रश्न किती थांबायचे, हा असतो. ॲपल कंपनी पुढच्या आयपॅडची तारीख आधी सांगत नाही, परंतु तिचा मागचा इतिहास उघड आहे आणि त्यावरून बऱ्यापैकी अदमास बांधता येतो.

सर्वप्रथम कोणत्या आयपॅडविषयी बोलतो आहोत ते ठरवावे. साधा आयपॅड, एअर, प्रो आणि मिनी या चार शाखांची चाल वेगवेगळी असल्याने त्यांची सरमिसळ केली की हिशेब तिथेच फसतो. साधा आयपॅड २०१९ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आला. मिनी मात्र सप्टेंबर २०१५ नंतर थेट मार्च २०१९ मध्ये उगवला.

त्यानंतर वही घेऊन त्या शाखेच्या घोषणांच्या तारखा एकाखाली एक लिहाव्यात आणि दोन तारखांमधले महिने मोजावेत. प्रोचे उदाहरण घेऊ: १८ मार्च २०२०, २० एप्रिल २०२१, १८ ऑक्टोबर २०२२, ७ मे २०२४ आणि १५ ऑक्टोबर २०२५. यांतील अंतरे ढोबळमानाने १३, १८, १९ आणि १७ महिन्यांची आहेत. सरासरी पावणेसतरा येते, पण मी सरासरीवर फारसा भरवसा ठेवत नाही. पहिले अंतर बाजूला ठेवले तर उरलेली तिन्ही १७ ते १९ महिन्यांत बसतात, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तेवढे पुढे मोजले की मार्च ते मे २०२७ हा काळ हाती येतो. तारीख सांगण्याच्या मोहात न पडता असा दोन-तीन महिन्यांचा पट्टा सांगणे, हेच या कामातले शहाणपण आहे.

हा पट्टा आता कंपनीच्या दिनदर्शिकेवर ताडून पाहावा. जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला, तो अपवाद वगळता २०२५ अखेरपर्यंतची सगळी नवी मॉडेल्स मार्च ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर याच महिन्यांत जाहीर झाली. त्यामुळे तुमचा हिशेब ऑगस्टवर येऊन थांबत असेल, तर तो पुढे किंवा मागे सरकवणे भाग आहे.

मग ताज्या खुणा पाहाव्यात, मात्र त्यांचे वजन सारखे धरू नये. भारतात टॅब्लेट विकण्यापूर्वी भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी करावी लागते, आणि अनोळखी मॉडेल क्रमांक अशा सरकारी नोंदींत दिसणे ही भक्कम खूण होय. सध्याच्या मॉडेलची घरपोच मिळण्याची तारीख एकाएकी काही आठवडे पुढे जाणे ही मध्यम खूण, कारण त्यामागे निव्वळ तुटवडाही असू शकतो. दुकानातील सवलतीला तर मी खूण मानतच नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीला सवलत असतेच. कार्यक्रमाच्या निमंत्रणाची वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही, कारण ऑक्टोबर २०२२, मार्च २०२५ आणि ऑक्टोबर २०२५ मधील आयपॅड केवळ प्रसिद्धिपत्रकाने जाहीर झाले.

घोषणा आणि विक्री यांतले अंतर हल्ली साधारण आठवड्याभराचे असते. पहिला आयपॅड अमेरिकेत एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आला आणि भारतात पोहोचायला जानेवारी २०११ उजाडला, ते दिवस आता राहिले नाहीत.

अदमास किती फसू शकतो, याची दोन उदाहरणे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आयपॅडची जागा चौथ्या पिढीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सातच महिन्यांत घेतली. वर्षभराचा हिशेब मांडून सप्टेंबरात निर्धास्तपणे खरेदी करणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. याउलट २०२३ या संपूर्ण वर्षात एकही नवा आयपॅड आला नाही.

म्हणून शेवटी पट्टा आणि आपली गरज शेजारी-शेजारी ठेवावीत. पट्टा दोन महिन्यांवर असेल आणि जुना टॅब्लेट चालत असेल, तर थांबावे. तो आठ-दहा महिने दूर असेल आणि मुलीचे महाविद्यालय जूनमध्ये सुरू होणार असेल, तर आजच दुकान गाठावे.