चक्कर आणि बेशुद्धीचे कारण शोधताना

"चक्कर आली" एवढेच सांगून भागत नाही, कारण या एका शब्दात आपण किमान तीन वेगळे अनुभव कोंबतो. अंथरुणात कूस बदलताना खोली गरगर फिरत असेल, तर दोष बहुधा कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी रक्तदाब पाहावा लागतो. आणि शुद्ध हरपून माणूस कोसळत असेल, तर हृदयाची तपासणी टाळता येत नाही.

स्वतः पडलेल्या माणसाला मधले काहीच आठवत नसते, त्यामुळे पाहणाऱ्याला शक्यतो डॉक्टरांकडे सोबत न्यावे. लोकलच्या गर्दीत, उपाशीपोटी, बराच वेळ उभे असताना आधी घाम फुटला, मळमळले, चेहरा पांढराफटक पडला आणि आडवे करताच मिनिटाभरात शुद्ध आली, तर ती बहुधा साधी भोवळ असते. साध्या भोवळीतही हातपाय क्षणभर झटकतात. तेवढ्यावरून फिट ठरवू नये. जिभेची कड चावली गेली असेल किंवा शुद्धीवर आल्यावरही माणूस बराच वेळ भांबावलेला असेल, तर मात्र तसे आवर्जून सांगावे.

घरी यंत्र असल्यास, कोणाला तरी शेजारी उभे करून, पाच मिनिटे आडवे पडल्यावर आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला, तर कारणाचा धागा हाती लागतो. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या व झोपेच्या गोळ्यांमुळेही असे होते. म्हणून चालू औषधांच्या स्ट्रिप पिशवीत टाकूनच निघावे.

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. ईसीजी प्रत्येकाचा व्हावा. हिमोग्लोबिन आणि साखरही पाहिली जाते. मेंदूचा एमआरआय आधी उरकून घेण्याचा आग्रह घरचेच धरतात, पण साध्या भोवळीत त्यातून सहसा काही निघत नाही. पुढे गरज पडल्यास मुंबईत केईएम, नायर किंवा सायनसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि जुने ईसीजी तारखेनुसार लावलेली फाइल न्यावी. होल्टर यंत्र 24 ते 48 तास ठोके नोंदवते. पण महिन्यातून एकदाच पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते कोरेच परतण्याची शक्यता अधिक, तेव्हा जास्त दिवस चालणाऱ्या नोंदणीविषयी किंवा टिल्ट टेबल चाचणीविषयी (पट्ट्याने बांधलेल्या माणसाला मेजासकट उभे कलते करून रक्तदाब व ठोके पाहणे) विचारावे.

जिना चढताना किंवा आडवे असताना शुद्ध हरपली, आधी छातीत धडधडले किंवा दुखले, अथवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ओपीडीची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. तेवढी ताकद नसेल, तर 108 वर फोन करावा.

कारण सापडेपर्यंत दुचाकी चालवू नये, लोकलच्या दारात उभे राहू नये आणि अंधारी येताच, लोक काय म्हणतील याचा विचार न करता, फलाटावरच आडवे होऊन पाय उंच करावेत.