फँटसी मालिकेतला वाईट बाप लिहिताना या चुका टाळा

फँटसी मालिका लिहू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींच्या संहिता मी वाचते. ड्रॅगन, शापित तलवारी, राज्यांचे नकाशे, सगळं झकास जमलेलं असतं. फसतो तो बाप. सिंहासनावर बसून गडगडाटी हसतो, मुलाला लाथाडतो, आणि दोन भागांनंतर त्याच्याशी कुणाला देणंघेणं उरत नाही. वाईट वाटतं, कारण हे दुरुस्त होण्यासारखं असतं.

क्रौर्य लिहिलं, मुलाची आस लिहायची राहिली

सगळ्यात मोठी चूक ही. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'मधला (२००५ ते २००८) झुको आठवा. तेरा वर्षांचा पोरगा युद्धाच्या बैठकीत तोंड उघडतो, कारण एक सेनापती नवख्या सैनिकांना मुद्दाम मरायला पाठवणार असतो. शिक्षा म्हणून अग्नी काई, म्हणजे आगीचं द्वंद्व. समोर सेनापती असेल असं समजून तो वळतो, तर समोर बाप उभा. झुको गुडघे टेकतो, माफी मागतो, लढायला नकार देतो. बाप, म्हणजे राजा ओझाई, त्याचा चेहरा भाजतो. तो क्षण पडद्यावर दिसत नाही. दिसतो मान फिरवणारा काका आयरो आणि हसणारी बहीण अझुला. ऐकू येते ती किंकाळी.

पण मला विचाराल तर खरा घाव पुढचा आहे. अवतारला, म्हणजे चारही तत्त्वांवर ताबा असलेल्या जगाच्या रक्षकाला, पकडून आण, मगच घरी ये, अशी अट बाप घालतो. अवतार तर शंभर वर्षं कुणाला दिसलेलाही नाही! तरी झुको जवळजवळ तीन वर्षं त्या अटीला चिकटून समुद्र पालथा घालतो.

म्हणून संहितेत बापाचा पहिला प्रसंग लिहिण्याआधी एक ओळ लिहून ठेवा: या मुलाला बापाकडून आजही काय हवंय? ओळ सुचेना, तर प्रसंग थांबवा.

लाडकं मूल सुटलं असं धरलं

नावडतीचं मीठ अळणी, हे आपल्याला बरोबर कळतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला टिरियन ब्लॅकवॉटरच्या लढाईत चेहऱ्यावर घाव घेऊन शहर राखतो, तरी बाप टायविनच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघत नाही. आवडतीचं काय होतं, ते मात्र लिहायचं राहून जातं. झुकोची बहीण अझुला ओझाईची आवडती. राज्याभिषेकाच्या दिवशी ती स्वतःचे केस वेडेवाकडे कापते. आरशात तिला आई दिसते, प्रेमाचं बोलते, आणि अझुला हातातला ब्रश आरशावर भिरकावते. अशा घरात दोन्ही मुलं मोडतात, वेगवेगळ्या जागी. दोघांचा हिशेब कथेत ठेवा.

बाप सारखा ओरडतो

आवाज उतरवा आणि हाताला काम द्या. टायविन पहिल्यांदा दिसतो तो तंबूत, मेलेल्या हरणाचं कातडं सोलताना. सुरी चालू असते, आवाज चढत नाही, आणि समोर उभा असलेला त्याचा मुलगा, धडधाकट योद्धा जेमी, शाळकरी पोरासारखा दिसायला लागतो.

बापात माया ठेवलीच नाही

मायाच नसेल तर वाचकाला धक्काही बसत नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्याच पाचव्या हंगामात (२०१५) सिंहासनावर हक्क सांगणारा स्टॅनिस चौथ्या भागात मुलीला, शिरीनला, सांगतो की तू तान्ही असताना आजारी पडलीस, तेव्हा तुला वाचवायला मी मिळेल त्या वैद्याला बोलावलं. ती त्याला मिठी मारते. नवव्या भागात तोच बाप राज्यासाठी तिला चितेवर चढवतो. त्याआधी ती त्याला म्हणालेली असते, मला तुम्हाला मदत करायची आहे. मिठी आधी दाखवली नसती, तर हे नुसतं भयंकर दृश्य झालं असतं. आज इतक्या वर्षांनीही मला तो भाग पुन्हा लावता येत नाही.

शेवटी बापाला रडवलं

घाईघाईने पश्चात्ताप करायला लावू नका. ओझाई शेवटपर्यंत माफी मागत नाही. माफी झुको मागतो, आणि तीही आयरोची, ज्याचा स्वतःचा मुलगा युद्धात गेलाय आणि ज्याला झुकोने दगा दिलाय. तो रात्री तंबूत येतो, झोपलेल्या काकाजवळ उजाडेपर्यंत बसून राहतो. आयरो उठल्यावर झुको रडत बोलायला लागतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आयरो त्याला ओढून छातीशी धरतो.