बेरी सेंट एडमंड्सला नवीन आलात? आधी बुधवारचा बाजार बघा

इथे येणारी आपली मंडळी बहुतेक दोन प्रकारची. एक तर हॉस्पिटलमधे नर्स किंवा डॉक्टर म्हणून आलेली, नाहीतर नोकरी केंब्रिजला आणि तिथलं भाडं ऐकून डोळे पांढरे झाले म्हणून इथे घर घेतलेली. दोघांचाही पहिल्या महिन्यातला प्रश्न एकच, ताई इथे वीकेंडला करायचं काय हो, पाच साडेपाचला तर सगळं बंद! मग सुरू होतं दर शनिवारी लंडन, तिकिटाचे पैसे, बाहेरचं जेवण, आणि सोमवारी ड्युटीवर जांभया. माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीचे काही महिने लंडनचा नाद सोडा आणि हे गाव नीट बघून घ्या. पूर्व इंग्लंडच्या सफक काउंटीतलं हे जुनं बाजाराचं गाव आहे आणि अजूनही बाजाराच्या वारांवरच चालतं, ते वार एकदा अंगवळणी पडले की बाकीचं जमत जातं. आणि हो, ट्रेनचं तिकीट काढताना पूर्ण नाव बघा, मँचेस्टरजवळ नुसतं बेरी नावाचं गाव आहे ते वेगळं.

बाजार बुधवारी आणि शनिवारी, कॉर्नहिल आणि बटरमार्केट या लागून असलेल्या दोन जागांवर. आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त चिखल नाही आणि आरडाओरडा जरा कमी. शनिवारी गर्दी असते, म्हणून पहिल्यांदा बुधवारी जा, सकाळची शिफ्ट नसेल तर. भाजीवाल्याकडे ठरलेल्या पैशात एक बाउल असा हिशोब असतो, बाउलभर टोमॅटो, बाउलभर सिमला मिरची, आलं, लिंबं, आणि तो बाउल सरळ आपल्या पिशवीत उपडा करतो, म्हणून कापडी पिशवी घरूनच न्या. घासाघीस करायची पद्धत नाही, पण दुपारी आवराआवर सुरू झाली की तेच लोक स्वतःहून एका बाउलच्या भावात दोन देतात. मासेवाल्याकडे मॅकरेल मिळतो, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ समजा, साफ करून द्या म्हटलं की देतात. भाजीवाला तुम्हाला डार्लिंग म्हणाला तर दचकू नका, तो त्याच्या मागे उभ्या असलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींनाही तेच म्हणतो. पूर्वी गुरांचा बाजारही भरायचा, तो बंद झाला आणि त्या जागेवर २००९ मधे आर्क नावाचं शॉपिंग सेंटर आलं, जिथे तुम्ही थंडीचे कोट घ्यायला जाणारच आहात. त्याआधी चॅरिटी शॉप्समधे एक चक्कर मारा, चांगले कोट, कुकरला चालतील असे डबे, मुलांची पुस्तकं, सगळं मिळतं, आणि इथे त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही.

आता गाव. हे गाव मुळात ख्रिस्ती मठाचं आहे हे लक्षात ठेवलं की प्रत्येक गल्लीचा अर्थ लागतो. ईस्ट अँग्लिया म्हणजे या भागाचं जुनं राज्य, त्याचा राजा एडमंड, त्याला डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, ८६९ मधे मारलं. गोष्ट अशी सांगतात की त्याचं तोडलेलं डोकं एका लांडग्याने राखलं, म्हणून गावात जिकडे तिकडे लांडगा दिसेल. त्याचं शव इथे आणलं, यात्रेकरू यायला लागले, १०२० मधे राजा कॅन्यूटच्या काळात मोठा मठ उभा राहिला, आणि त्याच शतकात बाल्डविन नावाच्या मठाधिपतीने मठासमोर काटकोनात रस्ते आखून गाव वसवलं. आजही चर्चगेट स्ट्रीटवरून खाली चालत या, समोर नाकाच्या रेषेत नॉर्मन टॉवर दिसतो, बाराव्या शतकातला.

पण मठ म्हणजे नुसता देवधर्म नव्हता, कर, बाजाराची वसुली, जमिनी, सगळ्यावर त्यांचा हात, आणि गावकरी वैतागलेले. १३२७ मधे लोकांनी मठावर हल्ला केला, दरवाजा पाडला. मग जो नवा दरवाजा बांधला तो म्हणजे एंजल हिलवरचं अ‍ॅबी गेट. बाहेरून बघितलं तर नक्षीकाम, मूर्तींसाठी कोनाडे, एकदम शोभेचं. जवळ जाऊन त्या कोनाड्यांच्या आत नीट बघा, मागे बाण सोडायच्या फटी आहेत. परत दंगा झाला तर मूर्तीआडून बाण मारायची सोय! मला हे गाव आवडायला लागलं ते त्या फटी बघून, खोटं कशाला बोलू.

गेटमधून आत अ‍ॅबी गार्डन्स. फुकट आहे, अंधार पडायच्या सुमारास बंद होते, म्हणून हिवाळ्यात दुपारीच जा. १५३९ मधे आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि मग गावकऱ्यांनी चांगले घडीव दगड घरं बांधायला उचलून नेले, त्यामुळे बागेत जे ओबडधोबड सुळके उभे दिसतात ते भिंतीच्या पोटातलं भरण आहे, चुना आणि गारगोट्या, वरचा दगड गेला. तो गेला कुठे तर गावातल्या जुन्या भिंतींमधे, फिरताना मधेच एखादा कोरीव दगड दिसतो. आणि मठाच्या पश्चिमेच्या दर्शनी भिंतीत तर लोकांनी घरंच बसवलीत, पडक्या कमानीत खिडक्या आणि दारं, आत माणसं राहतात, पडदे लावलेत. बागेतच एका कोपऱ्यात गुलाबाची बाग आहे, दुसऱ्या महायुद्धात इथे असलेल्या एका अमेरिकन सैनिकाने सफकवर पुस्तक लिहिलं त्याच्या मानधनातून केलेली, तिथला एक बाक बॉम्बर विमानाच्या पंखाच्या धातूचा आहे. अमेरिकन विमानं अजूनही आहेत बरं का, लेकनहीथचा तळ जवळ आहे, डोक्यावरून फायटर जेट गेलं तर घाबरू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.

१२१४ मधे सरदारांनी याच मठात जमून राजा जॉनला वठणीवर आणायची शपथ घेतली असं मानतात, आणि पुढच्या वर्षी मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, झालं. शहराच्या ब्रीदवाक्यात याचा उल्लेख आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेला मॅग्ना कार्टा येतं, तेव्हा हे कामाला येईल.

बागेला लागून कॅथेड्रल, त्याला लागून जुनी दफनभूमी, आणि तिच्या टोकाला सेंट मेरीज चर्च. कॅथेड्रल आधी साधं गावाचं चर्च होतं, १९१४ ला कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं, आणि त्याचा मधला मनोरा पूर्ण झाला थेट २००५ मधे, म्हणजे जे मध्ययुगीन म्हणून फोटो काढाल ते आपल्या मोबाईलच्या वयाचं आहे. सेंट मेरीजमधे आठव्या हेन्रीची बहीण मेरी पुरलेली आहे, फ्रान्सची राणी होती ती. मान वर करून छत बघा, लाकडी देवदूत आहेत. दफनभूमीतून हॉस्पिटलला जायला काही जण रोज शॉर्टकट मारतात, पण पडक्या चार्नेल हाउसच्या (जुनी हाडं ठेवायची जागा) भिंतीवरच्या पाट्या वाचायला कुणी थांबत नाही. एक आहे नऊ वर्षांच्या मेरी हेझल्टनची, १७८५ मधे प्रार्थना म्हणताना वीज पडून गेली. दुसरी सेरा लॉइडची, बावीस वर्षांची मोलकरीण, चोरीसाठी १८०० मधे फाशी दिली. इंग्लंडचा इतिहास म्हणजे राजेराण्या असं ज्याला वाटतं त्याला मी इथे घेऊन येते.

मॉयझेस हॉल म्युझियम बाजाराच्या टोकाला, इमारत साधारण ११८० ची. तिकीट आहे. आत रेड बार्न खुनाचं दालन आहे, त्यातल्या खुन्याला, विल्यम कॉर्डरला, १८२८ मधे याच गावात फाशी दिलं आणि त्याच्या खटल्याच्या पुस्तकाला त्याच्याच कातडीचं कव्हर घातलं, ते तिथे ठेवलंय. लहान मुलं असतील तर ती काच सोडून पुढे जा.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा, वेस्टगेट स्ट्रीटवरचं थिएटर रॉयल. १८१९ मधे बांधलेलं, विल्यम विल्किन्सने, बाहेरून बघितलं तर वाटतही नाही की आत काही आहे. आत मात्र घोड्याच्या नालाच्या आकारात मांडलेले बसायचे बॉक्स, रंगवलेलं छत, आणि इतकं छोटं की शेवटच्या रांगेतूनही नटाच्या भुवया दिसतात. मधे कित्येक वर्षं शेजारच्या ग्रीन किंग ब्रूअरीने हे बिअरची पिंपं ठेवायचं गोडाऊन म्हणून वापरलं, १९६५ ला परत नाटकं सुरू झाली. आणि आता ऐका, २९ फेब्रुवारी १८९२ ला याच रंगमंचावर चार्लीज आंट हे नाटक जगात पहिल्यांदा झालं. तेच, ज्यावरून अत्रेंनी मोरूची मावशी लिहिलं! म्हणजे टांग टिंग टिंगा करत विजय चव्हाणांनी सगळ्या महाराष्ट्राला हसवलं ती मावशी या गावात जन्मली. आपल्यातल्या कुणालाही हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग लगेच तिकीट काढतात. ख्रिसमसला पँटोमाइम असतं, मूकनाट्य नव्हे, इथलं धमाल विनोदी नाटक, मुलांना न्याच, ओरडायचं, हूट करायचं, खलनायक मागे आहे म्हणून नटाला सांगायचं, इंग्रज माणूस इतका मोकळा वर्षभरात दुसरीकडे कुठे दिसत नाही. तिकिटं लवकर जातात, थंडी पडायची वाट बघू नका.

पबचं टेन्शन घेऊ नका, न पिणारेही जातात. टेबलवर बसून वेटरची वाट बघितलीत तर बसूनच राहाल, काउंटरवर जाऊन सांगायचं, लाइम सोडा घेतलात तरी कुणी वळून बघत नाही. द नटशेल हा पब ब्रिटनमधला सगळ्यात छोटा म्हणून प्रसिद्ध आहे, पंधरा फूट बाय सात फूट, छताला वाळलेली मांजर टांगलेली. बघून या, पण पाहुणे आले तर सगळ्यांना एकदम नेऊ नका.

सप्टेंबरनंतर गावावर पांढऱ्या वाफेचा ढग दिसायला लागला आणि उकडलेल्या मातीसारखा वास आला तर गॅस लीक नाही, साखर कारखाना आहे. बिटाचा. १९२५ पासूनचा, ब्रिटिश शुगरचा. मी सांगलीकडची, त्यामुळे मला तर तो गळीत हंगामच वाटतो, रस्त्यावर उसाऐवजी बिटाने भरलेले ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे आपली गाडी. सिल्व्हर स्पूनची साखर घेता ना, ती इथली. वारा कारखान्याकडून असेल त्या दिवशी कपडे बाहेर वाळत घालू नका.

गावाबाहेर जायचं तर इकवर्थ, तीनेक मैलांवर, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं, मधे मोठा घुमट असलेला वाडा आणि भलंमोठं पार्क. दोन मुलं असतील तर वर्षाची मेंबरशिप काढा, पार्किंगसकट वसूल होते. नाउटन पार्कला मार्च-एप्रिलमधे लिंडेनच्या झाडांखाली डॅफोडिल्स फुलतात, ते फुकट. लेव्हनम गाडीने अर्ध्या तासाच्या आत, वाकडीतिकडी लाकडी घरं, आईबाबा भारतातून आले की आपण सगळे तिथेच नेतो. रविवारी मोठी सुपरमार्केट्स फक्त सहा तास उघडी असतात, कायदाच आहे, त्यामुळे फिरून चारनंतर आलात तर दूध मिळणार नाही, आधीच घेऊन ठेवा.

कढीपत्ता, तांदळाचं पीठ, गोडा मसाला करायचा असेल तर दगडफूल, हे बाजारात नाही मिळत, त्यासाठी केंब्रिजची मिल रोड. ट्रेनने जा, पाऊण तास लागतो, गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल. महिन्यातून एकदा पुरे, आणि जाताना चाकाची बॅग न्या, दहा किलोचं आटापीठ हातात धरून स्टेशनवरून घरी येणं सोपं नाही.