अरबीभाषक ज्यूंचा फॅसिस्ट काळ कसा अभ्यासावा

पुण्यातील एखाद्या अभ्यासमंडळात या विषयावर टिपण वाचायचे असल्यास तयारीची सुरुवात कॅम्पातील लाल देवळापासून करावी. 1867 मध्ये पूर्ण झालेले हे ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) उभारणारे डेव्हिड ससून मूळचे बगदादचे होते, त्यांची समाधी याच आवारात आहे, आणि त्यांच्या समाजात अरबी भाषा हिब्रू लिपीत लिहिण्याची रीत होती. रास्ता पेठेतील सुकथ शेलोमो सिनेगॉग मात्र मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली समाजाचे. दोन्ही वास्तू एकाच दिवशी पाहिल्या, की ज्यू माणसाची मायबोली अरबी असू शकते हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

मग वहीत देशवार पाने करावीत आणि प्रत्येक पानावर दोनच प्रश्न लिहावेत: ही माणसे कोणत्या भाषेत जगत होती, आणि कोणत्या कायद्याने नागरिक ठरत होती? अल्जीरियाच्या पानावर दुसऱ्या प्रश्नाला अधिक जागा सोडावी. तेथील ज्यूंना 1870 मध्ये मिळालेले फ्रेंच नागरिकत्व फ्रान्सच्याच विशी सरकारने (जर्मनीपुढे हार मानून तिच्याशी सहकार्य करणाऱ्या राजवटीने) ऑक्टोबर 1940 मध्ये काढून घेतले, आणि नोव्हेंबर 1942 मध्ये दोस्त सैन्य उतरल्यानंतरही ते परत मिळायला ऑक्टोबर 1943 उजाडला. त्यामुळे सगळा दोष बर्लिनच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. लिबिया इटलीची वसाहत होती. तेथील सिरेनायका प्रांतातून 1942 मध्ये सुमारे 2,600 ज्यूंना जादो येथील छावणीत नेण्यात आले आणि त्यांतील 560 हून अधिक माणसे उपासमारीने व टायफसने दगावली. ट्युनिशियासाठी नोव्हेंबर 1942 ते मे 1943 ही जर्मन ताब्याची मुदत आणि तेव्हाची सक्तीची मजुरी नोंदवली तरी पुरे.

इराकला मात्र वेळ द्यावा. देशाचे पहिले अर्थमंत्री सासून एस्केल ज्यू होते. ज्यू लेखक अन्वर शाउल अरबी साप्ताहिक चालवत होते. आणि 1932 च्या कैरो येथील अरबी संगीत परिषदेत इराकचे प्रतिनिधित्व करणाऱ्या ताफ्यातील बहुतेक वादक ज्यू होते. त्याच देशाच्या राजधानीत, बगदादमध्ये, जर्मनीकडे झुकलेले पंतप्रधान रशीद अली यांची राजवट कोसळताच, 1 आणि 2 जून 1941 रोजी, शावुओत या ज्यू सणात ‘फरहूद’ म्हणजे ज्यूंविरुद्धची लुटालूट आणि कत्तल घडली आणि शंभराहून अधिक ज्यू मारले गेले. अनेक मुस्लीम शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात लपवले, हेही त्याच परिच्छेदात यावे. पण त्या आश्रयाने कत्तल सौम्य करू नये, तसेच कत्तलीने आधीची वर्षे पुसू नयेत. (आपल्याकडील व्याख्यानांत पहिली चूक सौजन्यापोटी होते, दुसरी घाईपोटी.)

आठवणी वाचताना त्या केव्हा लिहिल्या गेल्या, हे समासात टिपावे. 1950-51 मध्ये सुमारे 1,20,000 ज्यूंनी इराक सोडले, आणि त्यानंतर लिहिणाऱ्याच्या मनात 1932 चे बगदाद त्या निरोपातून गाळूनच उतरलेले असते. ‘अरब ज्यू’ हा शब्द आला, तर तो त्या माणसाने स्वतःसाठी वापरला आहे की पुढच्या अभ्यासकाने त्याला लावला आहे, हे पाहूनच टिपणात घ्यावा.